तुळजाबाईच्या दोन तबकड्या

भुकूममध्ये लग्न निघालं की मुहूर्त काढायच्या आधी लोक गोजराबाईला विचारून घ्यायचे, "त्या दिवशी हितंच हायेस न्हवं?" हळद तिच्या आवाजाशिवाय लागायची नाही. ओढ्यापलीकडून तिनं गाणं उचललं, तर पिरंगुटच्या वाटेवरचा माणूस मागं वळून बघायचा. आईकडून, आत्याकडून, सासरच्या म्हाताऱ्यांकडून तिनं इतकी गाणी उचलली होती, की एका हळदीत म्हटलेलं दुसऱ्या हळदीत म्हणायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. हे गावाला माहीत होतं. तिला स्वतःला तर फारच चांगलं माहीत होतं.

तिच्या घराच्या भिंतीला भिंत लागून तुळजाबाईचं घर. दोघी एकाच वर्षी नांदायला आलेल्या. तुळजाचं जातं झिजलं होतं, म्हणून ती दळण घेऊन गोजराकडं यायची. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला चार हात. गोजरा गायची, तुळजा मागून धरायची. कधी गोजराला ठसका लागला, पाणी प्यायला ती उठली, तर तेवढ्या वेळात तुळजा आपलं आपण काहीतरी म्हणायची. हळू, खाली बघून, पिठाशी बोलल्यासारखं. गोजरा पाणी पिऊन आली की ती गप्प व्हायची. ते गाणं आहे असं गोजराला कधी वाटलंच नाही.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात शाळेचे गुरुजी एका साहेबाला घेऊन आले. साहेब मुंबईचा, गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कुठल्याशा कंपनीतला. त्याला खेड्यातल्या बायकांची गाणी हवी होती. गुरुजींनी त्याला सरळ गोजराबाईच्या ओसरीवर आणून बसवलं. दुसरीकडं कुठं नेणार?

गोजरानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, कपाळभर कुंकू लावलं आणि गायला बसली. एक, दोन, तीन, पाच गाणी झाली. गल्ली गोळा झाली. साहेब मान हलवत होता, पण दुसऱ्या गाण्यालाच त्यानं आपली खुर्ची हातभर मागं सरकवली, हे गोजराला दिसलं. तिला वाटलं, आवाजानं दिपला.

पाचवं गाणं संपल्यावर तो म्हणाला, "छान. जात्यावर बसून म्हणाल का एखादं?"

मग तुळजाला हाक गेली, कारण एकटीनं जातं ओढून गाणं जडच जातं. ती शेण लावलेल्या हातानंच आली, हात धुतले, समोर बसली. गोजरानं दोन ओव्या म्हटल्या. साहेब कुणीकडं बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तो तुळजाच्या ओठांकडं बघत होता.

"तुम्ही म्हणा ना एखादं," तो म्हणाला.

"मला येत न्हाई," तुळजा म्हणाली.

"म्हन की गं," गोजराच म्हणाली. तिचं मन मोठं होतं त्या वेळी. "म्हन काय येतंय ते."

तुळजानं खाली बघितलं, खुंटा फिरवला आणि म्हटलं,

*म्हस आली घरी, मागं धनी न्हाई आला,*
*इचारू कुनाला, दिवा दारात ठिवला.*

एवढंच. आवाज कुठं चढला नाही, कुठं वळला नाही. गोजराला हसू आलं, आणि तेवढ्यात तिनं साहेबाकडं बघितलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली होती.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

"कुनाचं म्हंजे? माजंच," तुळजा म्हणाली. "आमचं धनी एकदा बाजारातनं आलं न्हाईत येळंवर. तवाचं."

"अजून आहेत अशी?"

"हायेत की. पर ती काय गानी न्हाईत. आपलं असंच."

चहा गोजरानंच केला. गुळाचा, दूध घालून. कपबश्या धुताना तिच्या हातातनं एक बशी निसटली, फुटली नाही. बाहेर साहेब तुळजाच्या नवऱ्याला, भिवाजीला, मुंबईला कधी यायचं ते सांगत होता, आणि गोजरा आतून ऐकत होती.

पौषात तुळजा नवऱ्याबरोबर मुंबईला जाऊन आली. सगळी गल्ली तिच्या ओसरीवर. गोजरा आपल्या दारात तांदूळ निवडत बसली, पण कान तिकडंच. तुळजा सांगत होती, "पेटीवाला, तबलेवाला बसलेलंच हुतं. त्ये वाजवाया लागल्यावर मलाच माजं ऐकू येईना. म्हनलं, ह्यास्नी उठवा, न्हाईतर मी जाते. साहेब हसला, म्हनला बरं. एक एकतारीवाला तेवढा ऱ्हायला, त्यो बी बोटानं नुसतं टुणटुण करत हुता." बायका हसल्या. "आन् जातं?" कुणीतरी विचारलं. "जातं कुटलं मुंबईत! हात मोकळा ऱ्हाईना म्हनून टेबलावर पालथी थाळी फिरवत बसले."

गोजराला वाटलं, पेटी-तबला उठवणारी ही कोण लागून गेली? आपल्याला दिला असता तर आपण दोन तबल्यांच्या वर आवाज काढला असता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजा दळण घेऊन आली तेव्हा गोजरा दारातच म्हणाली, "खुंटा हालतुया. सुतार येईस्तोवर बंद हाय."

"मग तू कशात दळतीस?"

"मी गिरनीत देते आता. पिरंगुटला."

खुंटा हालत नव्हता. तुळजानं आत जात्याकडं बघितलं, गोजराकडं बघितलं आणि सूप घेऊन परत गेली. त्या दिवसापासून गोजराचा नवरा बहिरू डोक्यावर पायली घेऊन पिरंगुटच्या इंजिनाच्या गिरणीला जाऊ लागला. कुरकुरायचा, पण जायचा.

फाल्गुनात तबकड्या आल्या. दोन तबकड्या, चार गाणी. गावात ग्रामोफोन एकच, वाल्मीकच्या चहाच्या हॉटेलात. यष्टी थांबते तिथं. वाल्मीक चावी द्यायचा, सुई ठेवायचा, आणि पुण्याला जाणारे लोक चहाचा पेला हातात धरून उभे राहायचे. तबकडीच्या मधल्या लाल कागदावर छापलं होतं, 'तुळजाबाई भुकूमकर'. गुरुजींनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

"भुकूमकर!" गोजरा नवऱ्याला म्हणाली. "भुकूम काय तिला एकटीला आंदन दिलंय? मी न्हाई व्हय भुकूमची?"

"कंपनीनं घातलं असंल," बहिरू म्हणाला.

"तुमी ऐकलं?"

"ऐकलं की."

"कसं हाय?"

बहिरू अबोल माणूस. लग्नाला पंधरा वर्षं झाली, गोजराच्या गाण्याला त्यानं चांगलं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं हाय."

तिला ते 'बरं' जिव्हारी लागलं. हॉटेलापुढून जायला लागू नये म्हणून ती पाण्याला लांबच्या वाटेनं जाऊ लागली. बायकांत बसली की म्हणायची, "त्याला काय गानं म्हनायचं? शेजारनीला इस्तू मागितल्यावानी आवाज. गळा नको, तान नको. उद्या कुनी बी बोलंल आन् म्हनंल हे गानं." बायका हो म्हणायच्या. पण हो म्हणताना एकमेकींकडं बघायच्या.

आणि एका सकाळी गोठ्यात म्हशीला पेंड कालवताना बहिरू तोंडातल्या तोंडात म्हणत होता, 'म्हस आली घरी...' गोजरा दाराशी उभी. त्याला सूर नव्हता, चाल अर्धीमुर्धी होती, तरी तो ते म्हणत होता. पंधरा वर्षांत तिच्या शेकडो गाण्यांतलं एक त्याच्या तोंडी बसलं नव्हतं. ती तशीच मागं फिरली. त्या दिवशी तिनं भाकरी करपवल्या.

वैशाखात सगुणाबाईच्या धाकट्या लेकीची हळद होती. तुळजा त्या आठवड्यात कोळवणला माहेरी गेलेली, म्हणून गोजराला हलकं वाटत होतं. मांडवात ती मधोमध बसली आणि आवाज लावला. चार गाणी झाली, पाचवं चाललं होतं, तेवढ्यात वाल्मीक ग्रामोफोन घेऊन आला. कर्णा खांद्यावर, तबकड्यांची पाकिटं बगलेत.

सगुणाबाई गोजराच्या जवळ वाकली. "गोजरे, जरा दम खा की. पोरीला तुळजीचं गानं ऐकायचं हाय. लई मागं लागलीय."

"माजं अर्धं ऱ्हायलंय."

"मग म्हन की नंतर. तू काय कुटं पळून चाललीयास?"

गोजरा हसली. मोठ्यानं हसली, सगळ्यांना दिसेल असं. मग "पानी पिऊन येते" म्हणून उठली.

आत माजघरात कुणी नव्हतं. वाल्मीकनं एक तबकडी बाहेर नेली होती, दुसरी पाकिटासकट कणगीवर ठेवलेली होती. गोजरानं ती उचलली. वजनाला जड, काळी, चकचकीत, बारीक रेघांनी भरलेली. त्या रेघांत तुळजाचा आवाज आहे हे तिला खरंच वाटेना. बाहेर चावी दिल्याचा आवाज आला. तिनं पाकीट कणगीच्या काठावर धरलं आणि दोन्ही हातांनी दाबलं.

कट् असा आवाज झाला. सुपारी फोडल्यासारखा. एवढाच.

रागाच्या भरात झालं, कळलं नाही, असं ती पुढं कधी म्हणाली नाही. तिला पुरतं कळत होतं. तुकडे तिनं पाकिटासकट ओच्यात घेतले, मागच्या दारानं गेली आणि परसातल्या उकिरड्यात खोल दाबले. हात धुतले. मग मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली, कारण लगेच घरी गेलं असतं तर लोकांनी विचारलं असतं.

म्हशीचं गाणं संपत आलं होतं. वाल्मीकनं तबकडी उलटी केली. दुसरं गाणं गोजरानं कधीच ऐकलं नव्हतं. एकतारीची टुणटुण सुरू झाली आणि तुळजाचा आवाज आला.

*पाळना उतरला, दोरी ऱ्हायली आढ्याला,*
*रिकामा हात जातो, सांजचा झोका द्यायाला.*

हळदीच्या घरी असलं गाणं लावू नये, हे कुणाला सुचलं नाही. रडत कुणी नव्हतं, कारण गाणं रडत नव्हतं. तुळजा जशी सांगते तशीच सांगत होती, आज पाणी कमी आलं, आज लाकडं ओली निघाली, तशी. फक्त 'रिकामा' म्हणायच्या आधी ती थांबत होती. श्वासाइतकं. गोजरा जन्मभर गात आली होती, ते थांबणं काय चीज आहे हे तिला मांडवातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं. तिथं गळा दुबळा म्हणून थांबलेला नव्हता. तिथं तुळजानं आवाज धरून ठेवला होता, भरलेली घागर उंबरा ओलांडताना धरतात तसा. आपण असतो तर तिथं तान घेतली असती. टाहो फोडला असता. आणि सगळी घागर सांडली असती.

आणि तो पाळणा तिला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी तुळजाचा दहा महिन्यांचा मुलगा देवीच्या साथीत गेला. गोजरा त्या दिवशी गल्ली हादरेल असं रडली होती, तुळजा नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी गोजरानंच पाटावर चढून तो पाळणा सोडला होता, तिच्या नजरेसमोर नको म्हणून. दोरी राहिली, कारण आढ्यापर्यंत गोजराचा हात पोचेना.

गाणं आणखी दोन कडवी चाललं. त्यात सासू होती, घुंगुरवाळा होता, दारातली शेळी होती. गोजरा कान देऊन आपलं नाव शोधत होती. गाणं संपलं.

वाल्मीक दुसरी तबकडी आणायला आत गेला आणि डोकं खाजवत बाहेर आला. "हाटेलातच ऱ्हायली जनू. च्यायला, आनली असं वाटत हुतं."

गोजराला पुन्हा गायला बसवलं. पण तिचा आवाज तिच्याच कानाला मोठा लागत होता. दोन गाणी म्हणून ती उठली. घसा बसलाय म्हणाली.

चार दिवसांनी तुळजा परतली. दुपारी ती ओढ्याच्या काठी गोधडी धूत होती. गोजरा तिथं गेली ती भांडायलाच गेली, म्हणजे तिला तसंच वाटत होतं.

"पाळना काय आपून उतरला गं?"

तुळजानं वर बघितलं. पाच महिन्यांत दोघी बोलल्या नव्हत्या. "काय?"

"पाळना उतरला म्हनतीस. आपल्या आपून उतरला? कुनी उतरवला त्यो?"

"तू."

"मग? शेळी आली गान्यात. सासू आली, जिनं तुला त्या दिवशी पानी सुदिक दिलं न्हाई. मी कुटं हाय? मी त्या पाटावर चढले, पाट डुगडुगत हुता, माजं बोट सोलवटलं. माजं नाव घ्यायला तुजी जीभ झडत हुती का?"

तुळजा गोधडीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "गोजरे, ते गानं मी कुटं म्हनत हुते?"

"मला काय म्हाईत."

"तुज्या जात्यावर. तू पानी प्यायला उठायचीस तवा. तू भायेर असलीस तरी ऐकतीयास आसं मला वाटायचं. तुलाच सांगत हुते मी ते सगळं. ज्याला सांगायचं त्याचं नाव कशाला घ्यायचं मदी?"

पाणी पिताना आपण कधी कान दिला होता, गोजराला आठवेना. एकदाही नाही. ती काठावर बसली, आणि बसल्याबरोबर तिच्या तोंडून निघून गेलं, "दुसरी तबकडी मी फोडली."

तुळजाचे हात थांबले.

"वाल्मीकच्या हाटेलात न्हाई ती. सगुनीच्या उकिरड्यात हाय. मीच फोडली, मुद्दाम."

"का?"

"तुज्यापायी. तुजं असं झालं म्हनून. मला न्हाई बोलावलं मुंबईला म्हनून." एवढं सरळ आपण बोलू शकतो हे गोजराला माहीत नव्हतं. "आमचं धनी बी तुजं गानं म्हनत्यात गोठ्यात."

तुळजा उठली. ती चिडलेली गोजरानं कधी बघितली नव्हती, त्यामुळं आधी तिला ते ओळखताच आलं नाही. आवाज तेवढाच खाली होता. "त्यात रोपाचं गानं हुतं," ती म्हणाली. "माज्या आयसाठी केलेलं. ती ऱ्हायली न्हाई आता, तिला ऐकवायचं ऱ्हायलं म्हनून ते मी मुंबईत म्हनलं हुतं." ओली गोधडी खांद्यावर टाकून ती चालू लागली. पाण्याची धार तिच्या मागं वाटभर गेली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. वाल्मीकला नाही, सगुणाबाईलाही नाही. वाल्मीकनं पुण्यात दुसरी तबकडी शोधली. दुकानदार म्हणाला, कंपनीनं थोड्याच काढल्या होत्या, खपल्या नाहीत, आता नाही मिळायच्या. गोजरानं दोनदा ताटात पुरणपोळी झाकून भिंतीपलीकडं पाठवली. दोन्ही वेळा ताट धुऊन परत आलं, निरोप नाही. पहाटे ती एकटीनं जातं ओढायची, गिरणी तिनं बंद केली होती. पण गायची नाही.

आषाढात आवणी लागली. भिवाजीच्या खाचरात पंधरा बाया रोप लावत होत्या. गोजरा एका टोकाला, तुळजा मधे. सगळ्यांच्या पाठी वाकलेल्या, डोक्यावर इरली. नेहमीप्रमाणं कुणीतरी म्हणालं, "गोजरे, म्हन की." गोजरा म्हणाली, "आज नको."

थोडा वेळ नुसता चिखलाचा चुबूक चुबूक आवाज. मग मधूनच तुळजाचा आवाज आला. कुणाकडं न बघता.

*रोप उपटलं, लावलं दुसऱ्या खाचरात,*
*आईची माती थोडी ऱ्हाऊ द्या गं मुळात.*

शेवटच्या बाईपर्यंत ते पोचत नव्हतं. गोजरा एक पाऊल सरकली. मग आणखी एक. मधल्या बाया ओलांडून ती तुळजाच्या शेजारी आली. तुळजा थांबली नाही, वळलीही नाही. तेच कडवं तिनं पुन्हा म्हटलं, मग पुढचं, मग पहिल्यापासून. चौथ्या वेळी गोजरानं मागून धरलं. हळू म्हणायला गेली आणि आवाज फाटला, घोगरा, खरखरीत. बायका हसल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला.

"तुला जमायचं न्हाई तसं," तुळजा म्हणाली. दोन महिन्यांतलं पहिलं बोलणं. "तुज्या गळ्यानं म्हन. आय माजी भैरीच हुती शेवटाला. जोरात म्हनलेलंच ऐकू यायचं तिला."

गोजरानं मान वर केली आणि म्हटलं. सगळ्या छातीनं म्हटलं, पण 'मुळात'च्या आधी थांबली. श्वासाइतकी. तिथं थांबायचं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बांधापलीकडच्या सडकेवर पौडाकडं जाणारी दोन माणसं उभी राहिली.

"तुळजाबाईचं दिसतंय गानं," एक दुसऱ्याला म्हणाला.

गोजरानं हातातली रोपांची मूठ खाली टाकली. ती कमरेवर चिखलाचा हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "गानं तिचं! गळा माजा!"

माणसं हसत पुढं गेली. तुळजा वाकूनच होती. तिनं मान वळवून गोजराची ओळ बघितली.

"वाकडी लावलीयास सगळी," ती म्हणाली. "उपट आन् परत लाव."

गोजरानं उपटली आणि परत लावली.